आधी, मग, म्हणून

थोरल्याच्या डोक्यात लोखंडी अँगल बसला तेव्हा पट्ट्या कापायचा ग्राइंडर चालूच होता. ग्राइंडर फरशीवर पडून गरगरत होता, ठिणग्या उडवत होता, आणि धाकटा उजव्या हातात अँगल धरून भिंतीला टेकला होता. त्याचा डावा हात पोटाशी दाबलेला होता. त्या हाताची दोन बोटं बाकावरच्या वाइसखाली, लोखंड पकडायच्या शिकंज्याखाली, पडली होती.

आवाज ऐकून थोरल्याची बायको मागच्या खोलीतून धावत आली. तिला दिसलं ते एवढंच: नवरा आडवा, दीर उभा, लोखंड दिराच्या हातात. ती किंचाळली नाही. तिनं बाकावरची हातोडी उचलली आणि दिराच्या खांद्यात घातली. तो खाली बसला. तिनं पुन्हा घातली. शेजारच्या टायरवाल्यानं तिला मागून कवेत धरून बाजूला ओढलं, तेव्हा ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली.

दोघा भावांचं गेट आणि ग्रील बनवायचं दुकान होतं. वडील गेल्यावर थोरल्यानं ते उभं केलं आणि धाकट्याला हाताशी घेतलं. काम उत्तम शिकवलं, पण मारत मारत. वेल्डिंगचा टाका वाकडा गेला की कानाखाली, माप चुकलं की पाठीत लोखंडी पट्टी. बायकोवरही त्याचा हात चालायचा, एकदा तर एका गिऱ्हाइकावरही चालला होता. 'रागीट आहे, पण मनाचा चांगला,' असं आई सगळ्यांना सांगायची आणि ऐकणारे माना हलवायचे, कारण आईशी वाद कोण घालणार?

पोलिसांना दोन जबान्या मिळाल्या.

बायको म्हणाली, "भावोजींनी ह्यांना मारलं. त्यामुळे ह्यांच्या हातातला ग्राइंडर सुटला आणि भावोजींचीच बोटं गेली. केलं तसं भोगलं."

धाकटा म्हणाला, "आधी दादानं माझी बोटं कापली. म्हणून मी मारलं. नसतं मारलं तर मनगट गेलं असतं."

तपास करणारे साहेब दोन्ही जबान्या पुन्हा पुन्हा वाचत बसले. "घटना त्याच आहेत," ते हवालदाराला म्हणाले. "बोटं गेली, डोकं फुटलं. आधी काय आणि कशामुळे काय, एवढ्यावरच सगळं अडलंय." पण धाकटा लोखंडासकट सापडला होता, आणि डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणारी बाई समोर होती. धाकटा कोठडीत गेला. राहता राहिला खुद्द थोरला. तो शुद्धीवर आला तेव्हा त्याच्याकडे एकही धड वाक्य उरलं नव्हतं.

"भाऊ," तो म्हणायचा. कपाळावर घाम यायचा, मानेच्या शिरा फुगायच्या. "हात. मार. मी."

कोणी कोणाला मारलं? त्यात 'ने' नव्हता, 'ला' नव्हता. मागचं पुढे गेलं तरी कळायचं नाही.

डॉक्टरांनी आईला समजावलं, "मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय. आपण बोललेलं त्यांना कळतं, बरेचसे शब्दही आहेत. ते एकमेकांना जोडणारं जे असतं, आणि, पण, म्हणून, मग, ते गेलंय."

"म्हणजे विटा राहिल्या आणि सिमेंट गेलं," आई म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून रडली.

साहेब दवाखान्यात आले. "भावानं आधी मारलं का?" त्यांनी विचारलं. थोरल्यानं मान हलवली. "की आधी तुम्ही ग्राइंडर चालवलात?" त्यानं तशीच मान हलवली.

"इतक्यात ह्यांच्या हो-नाहीवर जाऊ नका," डॉक्टर म्हणाले.

"मग तोंडानं सांगायला शिकवा," साहेब टोपी घालत म्हणाले. "कोर्ट मुंडीवर निकाल देत नाही."

थोरल्याला मात्र सगळं आठवत होतं. त्या दुपारी तो गेटच्या पट्ट्या कापत होता. धाकटा म्हणाला, "दादा, मला दुसरीकडे काम मिळालंय. पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही."

थोरल्यानं ग्राइंडर बंद केला नाही. "जा की," तो म्हणाला. "पण काम मी शिकवलंय. शिकलेला हात इथं ठेवून जा."

धाकट्याला वाटलं, हे नेहमीचंच. तो हसला. ते हसणं थोरल्याच्या डोक्यात गेलं. त्यानं धाकट्याचं डावं मनगट पकडलं, वाइसवर दाबलं आणि फिरतं चाक खाली आणलं. हाडाचा आवाज लोखंडापेक्षा बारीक येतो, हे त्याला तेव्हा कळलं. रक्त त्याच्या चष्म्यावर उडालं. धाकटा "दादा, दादा" करून ओरडत होता, आणि थोरला चाक तळव्याकडे सरकवतच होता. तेवढ्यात अँगल आला.

हे सगळं त्याच्या डोक्यात सलग होतं. तोंडाशी येईपर्यंत त्याचे तुकडे व्हायचे.

तो घरी आला तो उजवा हात लोंबता आणि उजवा पाय ओढत. दवाखान्यातल्या एक बाई बोलायला शिकवायच्या. आई त्यांना 'बोलायच्या बाई' म्हणायची. त्या टेबलावर चित्रं मांडायच्या: दूध तापतंय, बाई खिडकीशी उभी आहे, दूध उतू जातंय. "नुसती नावं नकोत, दादा," त्या म्हणायच्या. "एकातून दुसरं कसं निघालं ते सांगा. आधी काय? मग काय? आणि कशामुळे?"

"दूध," थोरला म्हणायचा. "खिडकी. दूध."

"खिडकीमुळे दूध सांडलं?"

तो चिडून चित्रं उधळायचा. बाई ती गोळा करून पुन्हा मांडायच्या.

घरी दुसरी शाळा भरायची. बायको ताट घेऊन समोर बसायची आणि घास त्याच्या तोंडाशी नेऊन थांबायची. "म्हणा. त्यानं मारलं, म्हणून बोटं गेली."

"मारलं... बोटं..."

"मधलं 'म्हणून' कुठे गेलं? म्हणा, मग घास."

कधी तो कसाबसा म्हणायचा. कधी डाव्या हातानं ताट भिंतीवर फेकायचा. ती भात गोळा करायची, दुसरं ताट वाढून आणायची आणि पुन्हा तेच म्हणायची. आपण खोटं पढवतोय असं तिला वाटतच नव्हतं. शेवटचं तेवढं तिनं पाहिलं होतं. न पाहिलेलं तिनं स्वतः जोडलं होतं, आणि रोज म्हणून म्हणून ते पक्कं झालं होतं.

एक दिवस आई तुरुंगातून धाकट्याला भेटून आली. पायरीवरच बसली. "आतले कैदी त्याला मारतात," ती म्हणाली. "भावाच्या जिवावर उठला म्हणतात आणि दुखऱ्या हातावर पाय देतात. जखम चिघळली. तिसरं बोटही काढलं."

"बरं झालं," बायको म्हणाली.

आई उठली ती थेट सुनेच्या केसांना धरून. दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडल्या. सुनेनं सासूच्या हाताचा चावा घेतला, सासूनं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. थोरला खुर्चीतून ओरडत होता, "आई! नको! पण... पण..." पुढचं येईना. तो खुर्चीसकट जमिनीवर कोसळला, तेव्हा दोघी थांबल्या. आईच्या हातातून रक्त येत होतं, सुनेच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्याला उचलायला मात्र दोघींनाही एकमेकींचा हात लागला.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे तो मान खाली घालून बसला. ओठांच्या हालचाली दिसाव्यात म्हणून त्या टेबलावर एक आरसा ठेवायच्या. चित्रं बाजूला सारून त्या म्हणाल्या, "आज तुमचं सांगा. तुम्ही स्वतः केलेलं काहीतरी."

थोरला आरशात बघत राहिला. "हात," तो म्हणाला. "धर. भाऊ."

"भावाचा हात धरलात? कामात?"

"नको!" तो ओरडला. "हात! चाक! भाऊ! भाऊ!" त्यानं डावी मूठ आरशावर हाणली. आरसा फुटला आणि तो धरायला गेलेल्या बाईंच्या तळव्यात काच घुसली. टेबलावर रक्त सांडलं, चित्रांवर पसरलं.

थोरला हबकला. खांद्यावरचा टॉवेल ओढून तो बाईंच्या हाताला गुंडाळायला लागला. एका हातानं ते जमेना. तो रडायला लागला.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. तरी त्या उठल्या नाहीत. दातांनी टॉवेलची गाठ ओढून त्या म्हणाल्या, "आता हेच सांगा. चित्र नाही, समोर आहे. आधी काय झालं?"

"आरसा."

"मग?"

"रक्त."

"कशामुळे?"

"मी."

"पूर्ण. मी घाबरलेली नाही, सांगा."

थोरल्यानं त्यांच्या हाताकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "आधी... मी आरसा फोडला," तो म्हणाला. "म्हणून... रक्त आलं."

ते वाक्य त्याला कोणी दिलेलं नव्हतं. तो ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. टाके घालायला निघालेल्या बाईंच्या मागे, दवाखान्याच्या बोळातून पाय ओढत, "आधी मी, म्हणून रक्त," असं म्हणत तो चालला, आणि बाकांवरचे रुग्ण त्याच्याकडे बघत राहिले.

कोर्टात त्याला उभं केलं तेव्हा बायको दुसऱ्या रांगेत होती. तिचे ओठ आपोआप हलत होते. धाकटा पिंजऱ्यात होता, हाताला मळकं बँडेज. सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दुपारी काय झालं?"

थोरल्यानं डाव्या हातानं कठडा धरला. "आधी," तो म्हणाला. वाट बघून न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "आधी मी. भावाचा हात... मी धरला. ग्राइंडरनं कापला. तो ओरडला, पण मी थांबलो नाही." तो धापा टाकत होता. "म्हणून त्यानं मारलं."

"हे तुम्हाला कोणी पढवलं?" वकील ओरडले.

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. "हिनं," तो म्हणाला. "पण... दुसरं."

मागे कोणीतरी फसकन हसलं. बायको उठून दाराबाहेर निघून गेली.

धाकटा सुटला. थोरल्यावर खटला भरला गेला, पण त्याची अवस्था बघून तोवर त्याला जामिनावर घरी राहू दिलं. धाकटा घरी आला तो कपडे न्यायला. थोरला दुकानाबाहेर खुर्चीवर बसला होता. धाकटा त्याच्यासमोर उभा राहिला, मग उजव्या हातानं त्यानं थोरल्याच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की खुर्ची कलंडली. थोरल्याच्या ओठातून रक्त आलं. आई मध्ये आली.

"खरं बोललास म्हणून एकच," धाकटा म्हणाला. त्यानं थोरल्याला काखेत धरून उठवलं, खुर्चीवर बसवलं आणि ट्रंक उचलून चालायला लागला. आई त्याच्याबरोबर गेली.

मग घरात दोघंच उरली. बायको दिवसभर भांडी आपटत राहिली. दुपारी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "भाऊ सुटला, आई गेली. तुम्हीही मोकळे झालात बोलून. माझं काय? भर कोर्टात मी खोटी ठरले. मी तुमच्यासाठी हातोडी उचलली होती, तुमच्यासाठी!" तिनं त्याचा लुळा हात उचलून सोडून दिला. तो मांडीवर आपटला. तिनं पुन्हा उचलून सोडला. "मारा ना आता! आता का नाही मारत?"

थोरल्याची डावी मूठ वळली. त्याची नजर तिच्या तोंडावर खिळली होती. ती नजर तिला चांगली ठाऊक होती, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

"बाहेर जा," तो म्हणाला. "नाहीतर... मारीन."

तिनं डोळे उघडले. आजवर त्यानं हे कधी आधी सांगितलं नव्हतं. ती मागे मागे सरकत दाराबाहेर गेली आणि तिनं बाहेरून कडी घातली. आत कपाटाच्या पत्र्यावर मूठ बसायला लागली, एकामागून एक. मध्येच भांड्यांची मांडणी कोसळली. ती पायरीवर गुडघे छातीशी घेऊन बसली आणि तिनं कान झाकले नाहीत.

संध्याकाळी तिनं कडी काढली. तो भिंतीशी बसला होता, डाव्या हाताची बोटं सुजून काळीनिळी झाली होती. तिनं पातेल्यात गार पाणी आणलं आणि त्याचा हात त्यात धरून ठेवला. उद्यापासून रात्री ती आपल्या बहिणीकडे झोपेल, असं तिनं सांगितलं. दिवसा येईल, पण रात्री नाही.

"बरं," तो म्हणाला.