वास न येणारा माणूस

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी वहिनीला ऑफिसात नवऱ्याच्या टेबलाच्या खणात हॉस्पिटलचं पत्र सापडलं. ती स्टेपलरच्या पिना शोधत होती. पत्र धाकट्या दिराच्या नावाचं होतं: नाकातल्या गाठींच्या ऑपरेशनची तारीख, आज, अकरा वाजता. पाकीट महिन्यापूर्वीच फोडलेलं.

त्या गाठींमुळे दिराला चार वर्षं कसलाच वास येत नव्हता. भावांचा धंदा बंद घरं साफ करायचा. कुठे माणूस आठवडाभर मरून पडलेला, कुठे फ्रीज बंद पडून मांसाचं पाणी झालेलं. इतरांची माणसं मास्क लावून पाळीपाळीने आत जात, बाहेर येऊन ओकत, दोन दिवस लावत. दीर एकटा सकाळी शिरे आणि दुपारी किल्ली परत करी. दोन स्पर्धकांनी त्यापायी गाशा गुंडाळला होता.

पंधरा दिवसांपूर्वी त्याने आपल्याच मुलीला नासलेलं दूध पाजलं. पोर दोन दिवस सलाईनवर होती.

"अहो, हे काय?"

नवरा चहात बिस्किट बुडवत होता. "ते होय. सीझन संपू दे म्हटलं."

"मेलेल्यांचा सीझन?"

"उन्हाळ्यात घरं लवकर नासतात." तो हसला. "बाकीच्यांकडे मशिनं आहेत, गाड्या आहेत. आपल्याकडे तो आहे. त्याला वास यायला लागला की तोही दारातच ओकणार."

"भावजींना सांगितलंत?"

"त्याने कुठे विचारलं?"

भिजलेलं बिस्किट त्याने जिभेने ओढून घेतलं. ती पत्र घेऊन निघाली.

दीर आज साफ करत होता ते घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. जिन्यातच तिने नाकाला रुमाल लावला. दीर फ्रीजखालचा काळा चिकटा बादलीत खरवडत होता, गुणगुणत. ओट्यावर अर्धा खाल्लेला पाव.

"आत नका येऊ वहिनी. फार घाण आहे म्हणतात."

तिने पत्र पुढे केलं. हातमोजे काढून त्याने ते दोनदा वाचलं.

"दादाकडे होतं?"

"खणात."

"पोर आजारी पडली तेव्हाही?"

तिने होकारार्थी मान हलवली. पत्र खिशात कोंबून तो जिना उतरला. ती खाली येऊन गटारापाशी ओकली. मान वर केली तेव्हा त्याची गाडी निघून गेली होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईने तिला फोनवर सांगितलं, पेशंट अजून आलेला नाही. ऑफिसात नवराही फोन उचलत नव्हता.