बांधावरून येणारा चेंडू

"टाके तरी किती घालायचे याला? जाळं हाय का गोधडी?"

सुगंधाबाई माझ्यावर वाकून पुटपुटत होती. इतकी जवळ, की तिच्या तोंडातल्या मशेरीचा वास माझ्या गाठीगाठीत शिरत होता. रागात असली की ती गाठ घट्ट मारायची. माझ्या अंगावर जिथे हात लावाल आणि टणक लागेल, तिथे तिचा राग आहे असं समजा. अशा जागा पुष्कळ आहेत.

मित्रांनो, मी फुटबॉलच्या गोलाची एक जुनी जाळी आहे. पण जन्मले तेव्हा गोल नावाची वस्तू मला ठाऊकसुद्धा नव्हती. खाडीकाठच्या राई गावच्या बाबाजींनी एका पावसाळ्यात, होड्या काठावर उलट्या पडलेल्या असताना, ओटीवर बसून मला विणलं. हिरवा नायलॉनचा दोरा, बांबूची सुई आणि बोलायला समोर बायको सुगंधाबाई. ती बोलायची आणि ते विणायचे. म्हणून माझी वीण एकसारखी आली, असं बाबाजी म्हणत. बायकोचं बोलणं एका लयीत चालतं, त्या लयीत हात चालवायचा, बस.

पुढे कितीतरी वर्षं मी खाडीत काम केलं. भरतीला बाबाजी मला लावायचे, ओहोटीला उचलायचे. बोय मासा माझ्यात फार सापडायचा. चिंबोरीही सापडायची, पण ती सुटताना नांगीने माझ्या विणीची दोन घरं कातरून जायची. ओली, जड होऊन घरी आले की शेजारपाजारचे माझ्याकडे बघून बाबाजींचं नाव घ्यायचे. कौतुक म्हणतात ते हेच, हे मला तेव्हा कळत नव्हतं. संपल्यावर कळलं.

खाडीचं पाणी काळं यायला लागलं. बोय कमी आणि पिशव्या जास्त यायला लागल्या. एक दिवस बाबाजींनी मला वाळवलं आणि खुंटीला टांगून ठेवलं, ते ठेवलंच. खालच्या घडीत कोंबडी अंडी घालायची. रिकामी होते म्हणणार नाही, पण कोंबडीचं बाळंतपण करायला काही मला विणलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा सुमार असेल. गावाजवळ जेसल पार्कला नव्या बिल्डिंगा होत होत्या. मुंबईतली खोली सोडून माणसं तिकडे राहायला येत होती. त्यांतले एक दत्ताराम. मुंबईत एका कंपनीत कारकून होते. त्या काळी मोठ्या कंपन्यांच्या फुटबॉलच्या टीम असत. चांगल्या खेळणाऱ्या पोराला आधी टीममध्ये घ्यायचे आणि मग नोकरीत चिकटवायचे. दत्ताराम असेच चिकटले होते. खेळाडू म्हणून त्यांचं बरंचसं आयुष्य मैदानाबाहेरच्या बाकावर गेलं, पण हे ते स्वतः सांगत नसत. जे आपल्याला जमलं नाही ते मुलाला जमावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मुलगा निहार. त्याने कंपनीच्या ज्युनियर टीममध्ये जावं, गोल मारावेत आणि त्या गोलांवर जन्माची नोकरी मिळवावी.

सरावाला जागा हवी होती. बाबाजींचं शेत भात कापल्यावर पावसाळ्यापर्यंत मोकळं असायचं. दत्ताराम सायकलवरून येऊन विचारून गेले. बाबाजी म्हणाले, खेळा, फक्त बांध तोडू नका. मग बांबूचे दोन खांब आणि वर एक आडवा असा गोल उभा राहिला आणि बाबाजींनी खुंटीवरून मला काढून त्याला बांधलं. खाडीत होते तोवर मला जाळं म्हणत. मैदानात आले आणि जाळी झाले. बाईमाणूस झाल्यापासून माझ्याकडे लोकांचं लक्ष जरा कमीच राहिलं, पण त्याचं नंतर सांगते.

आधी सराव समजून घ्या. एकाने कडेने चेंडू पळवत न्यायचा आणि कोपऱ्याजवळून आत गोलासमोर उडवायचा. याला क्रॉस म्हणतात. दुसऱ्याने मधून धावत यायचं आणि चेंडू जमिनीवर टेकायच्या आत, पायाने नाहीतर डोक्याने माझ्यात घालायचा. याला फिनिश म्हणतात. कधी जवळच्या खांबापाशी, कधी लांबच्या, कधी थोडा मागे खेचून. दत्ताराम चपला मांडून जागा दाखवायचे. ही चप्पल म्हणजे तू, ही म्हणजे समोरचा खेळाडू. स्वतः अनवाणी उभे राहायचे, खुंट टोचले तरी हूं की चूं नाही.

अडचण एकच होती. गोल मारायला पोरांची रांग लागे. क्रॉस द्यायला कोणी तयार नसे. कडेने धावून धावून दमायचं आपण आणि टाळ्या दुसऱ्याला, हा धंदा कोणाला आवडेल? शेवटी दत्तारामांनी मोठ्या मुलीला, क्षितिजाला आणलं. रविवारी घरी बसूनच असते, म्हणाले.

क्षितिजा बांधाच्या कडेने धावायची. तिथे भाताचे खुंट होते, ढेकळं होती. चेंडू सरळ येईल याची खात्रीच नाही. सुरुवातीला तिचा चेंडू बाबाजींच्या वालाच्या वेलात जाऊन पडायचा आणि पोरं हसायची. ती खुंट बघायला शिकली. कुठे चेंडू उसळतो, कुठे मरतो, हे तिच्या पायाला कळायला लागलं. दुसऱ्या हंगामात तर ती मान वर करून धावायची. भाऊ कुठे पोचलाय ते बघायची आणि चेंडू त्याच्या पावलापुढे असा ठेवायची, जसं ताटात वाढावं.

निहारने फक्त पाय लावायचा. तो लावायचा आणि मी फुगायची.

बाहेरून बघणारे म्हणत, काय पोरगा आहे! बिल्डिंगमधली माणसं रविवारी सायकली घेऊन बघायला यायची. दत्ताराम त्यांना सांगायचे की डोकं शांत ठेवून मारतो, उपजतच आहे. मी गोलाच्या मागे उभी होते. मला दोघंही दिसत. आलेला चेंडू आणि पाठवलेला चेंडू यांतला फरक जाळ्याला कळतो. पण जाळीला कोण विचारतो.

सराव संपला की फाटलेल्या जागा शिवायला सुगंधाबाई यायची आणि क्षितिजा तिच्याजवळ बसायची. गाठ कशी मारायची ते सुगंधाबाईने तिला शिकवलं होतं. एकदा सुगंधाबाईने विचारलं, पोरी, तुला स्वतःला गोल मारावासा वाटत न्हाय का गं?

क्षितिजा हसली. "मारला तर चेंडू आणायलाही मलाच जावं लागेल, मावशी."

सुगंधाबाईही हसली. पण तिने मारलेली ती गाठ फार घट्ट बसली. अजून आहे.

त्यानंतरच्या हंगामात एक बाई आली. राईचीच माहेरवाशीण होती आणि वसईला मुलींची टीम बांधत होती. क्रॉसवर निहारने मारलेल्या गोलांना टाळ्या पडत होत्या, तेव्हा ती बांधावर उभी राहून एकटीच उलट्या बाजूला, चेंडू जिथून आला तिकडे बघत होती. सराव संपल्यावर दत्तारामांकडे गेली आणि म्हणाली, मुलगी मला द्या. येत्या रविवारी जिल्ह्याची निवड आहे, हिला आणा, बाकी मी बघते.

क्षितिजा तेव्हा चपला गोळा करत होती. तिचे हात थांबलेले मला दिसले.

दत्ताराम म्हणाले, तिची दहावी आहे.

तेही खरं होतं. पण त्याच्या पुढच्या रविवारी मुंबईत निहारची निवड होती. म्हणजे हा रविवार शेवटच्या सरावाचा. क्रॉस कोण देणार, हा प्रश्न दत्तारामांनी कोणाला विचारला नाही. उत्तरही कोणाला द्यावं लागलं नाही.

तो रविवार मला लख्ख आठवतो. दहावीचं पुस्तक काही बांधावर नव्हतं. क्षितिजा होती. त्या दिवशी मुलांची आई मंदाही डबा घेऊन आली होती. ती लेकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ऊन लागेल, टोपी घाल. बाबाजींनी उगीच बांधावरचं गवत उपटलं. सुगंधाबाईला माझ्यात कुठलंच भोक सापडेना, तरी ती सुई घेऊन बसून राहिली. सगळ्यांना ठाऊक होतं की या वेळी ही मुलगी कुठे असायला हवी होती. आणि ती एकामागून एक चेंडू पाठवत होती, एकही चुकला नाही. निहारने त्या दिवशी सुंदर गोल मारले. पण मारून झाल्यावर तो बापाकडे बघत नव्हता, बहिणीकडे बघत होता आणि नजर मिळाली की लगेच खाली घालत होता.

मुंबईच्या निवडीला मी नव्हते. जे ऐकलं तेच सांगते. निहारचा एकही गोल झाला नाही. दत्ताराम आल्यावर म्हणाले की बूट नवे होते, पायाला लागले. मग म्हणाले की ऊन समोरून होतं. मग म्हणाले, आपापल्या माणसांना आधीच घेऊन ठेवलेलं असतं, निवड नुसती दाखवायला.

पाण्याची बाटली सांभाळायला क्षितिजा सोबत गेली होती. तिने गाठी मारता मारता सुगंधाबाईला वेगळंच सांगितलं. तिथली मुलं क्रॉस देत होती, मावशी, पण कोणाचा मागे पडायचा, कोणाचा डोक्यावरून जायचा. "आणि हा आपला मी टाकते तिथेच जाऊन उभा राहायचा. चेंडू येईल म्हणून."

सुगंधाबाई पुढच्या भोकाकडे सरकली. सुई चालवत राहिली.

पुढच्या वर्षी पुन्हा निवड होणार होती. सराव पुन्हा सुरू झाला, आणि मित्रांनो, तेव्हा मला कळेना की या मुलीला झालंय काय. तिचे क्रॉस वाईट यायला लागले. एक निहारच्या मागे, एक त्याच्या कमरेएवढा, एक फारच लवकर. निहार धडपडायचा, वळायचा, एखादाच जेमतेम पाय लागायचा. दोन-तीन रविवार गेले तेव्हा मला उमगलं. तिचा पाय बिघडला नव्हता. ती मुद्दाम चुकत होती. निवडीला जसे चेंडू येतात तसे ती इथे पाठवत होती, म्हणजे भाऊ शिकेल. आणि तो शिकतही होता, हळूहळू. माझ्यात कमी चेंडू येत होते, पण जे येत होते ते त्याचे स्वतःचे होते.

दत्तारामांना फक्त एवढंच दिसलं की गोल कमी झाले.

"पाय झोपलाय का तुझा?"

"तिथे असेच येतात, बाबा."

"तिथलं तू मला शिकवू नकोस. राहू दे. घरी जा, आईला हातभार लाव."

तिने चेंडू हाताने उचलून भावाला दिला आणि बांधावरून निघून गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. क्रॉस द्यायला पोरं पाळीपाळीने उभी राहू लागली, कंटाळून वाटेल तसं लाथाडू लागली. निहार धावायचा आणि अर्ध्यात थांबायचा. हळूहळू पोरं क्रिकेटकडे गेली. निहार दुसऱ्या निवडीला गेलाच नाही. पोटात दुखतंय म्हणाला आणि सगळ्यांनी ते मानलं. मी बांबूला लटकून राहिले. वाऱ्याने हलायची, तेवढंच काय ते काम.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात म्हणून सांगते. माझ्यात एक घर तुटलं की लगेच शिवावं लागतं. नाही शिवलं तर शेजारची दोन ताणतात, मग ती तुटतात, आणि मग म्हणायचं की जाळीच जुनी होती. दोरा स्वस्त असतो हो. वेळेवर हात घालायची इच्छा तेवढी लागते. माणसांच्या घरात काय शिवावं लागतं ते मला काय कळणार, मी जाळी. पण तिथेही लोक भोकाकडे पाठ करून बसतात, एवढं मी पाहिलेलं आहे.

पुढच्या वर्षी भात कापून झाला आणि दत्ताराम मला परत करायला आले. सगळं घरच आलं होतं. क्षितिजा आता कॉमर्सला होती, निहार संध्याकाळी टायपिंगला जायचा. बहीण-भाऊ एकेका खांबापाशी उभे राहून माझ्या गाठी सोडत होते. सुगंधाबाईने चहा आणला. चहा ओतता ओतता बाबाजींच्या तोंडून निघून गेलं की ती वसईवाली बाई परवा आली होती, तिच्या पोरी आता कोल्हापूरला खेळून आल्या. मग त्यांनी एकदम विचारलं, साखर बरोबर हाय ना? मंदा म्हणाली, बरोबर आहे. तिने अजून कप तोंडाला लावलेला नव्हता.

दत्तारामांनी रिकाम्या शेताकडे बघितलं. मग बाबाजींना म्हणाले, "मेहनत आम्ही खूप केली हो. याच्या नशिबात नव्हतं, दुसरं काय."

बाबाजींनी मान हलवली. मंदाने बशीत चहा ओतला. क्षितिजा सुगंधाबाईची एक घट्ट गाठ नखाने उकलत होती, तिने वर बघितलं नाही. माझं एक टोक सुटून जमिनीवर पडलं होतं, दुसरं निहारच्या हातात होतं. ते त्याने सोडलं नाही.

"नशीब नाही, बाबा," तो म्हणाला. "मला येतच नव्हतं. खेळता ताईला येत होतं. त्या रविवारी तुम्ही तिला वसईला पाठवायला हवं होतं, आणि मी म्हणायला हवं होतं की तिला जाऊ द्या."