दुसऱ्या बाकावरची उशी

आमच्या चर्चमध्ये व्यासपीठाच्या डाव्या हाताला एक लाकडी फळा आहे. आजची हजेरी, मागच्या रविवारची हजेरी, गेल्या वर्षी याच रविवारची हजेरी, अशा तीन ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे खाचेत सरकवायचे लाकडी आकडे. ते सरकवण्याचं काम एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. ब्रॅकन फोर्ड गावातल्या बाप्टिस्टांची भक्ती मोजण्याचं दुसरं साधन अजून कुणाला सापडलेलं नाही, त्यामुळे मला थोडा मान आहे.

मोजण्याचे नियम आहेत. दुसरं गीत सुरू झालं की मोजायचं, कारण पहिल्या गीतापर्यंत लोक गाड्याच लावत असतात. गायकवृंद धरायचा, पाळक धरायचा, तळघरातला बालवर्ग धरायचा. गरोदर बाई एकच धरायची. हा ठराव डिकनांच्या, म्हणजे चर्चच्या पंचांच्या, बैठकीत चार विरुद्ध तीन मतांनी झाला आणि हरलेल्या तिघांपैकी एक जण चर्च सोडून मेथडिस्टांकडे गेला. शेवटचा नियम उशीचा. आमचे बाक ओकचे आहेत आणि देवाच्या घरी आराम असू नये असं ते बनवणाऱ्याचं मत असावं. म्हणून बायका घरून उशा आणतात आणि जाताना परत नेतात. बाकावर उशी दिसली म्हणजे तिची मालकीण आलेली आहे, स्वयंपाकघरात किंवा बालवर्गात कामात आहे. उशी दिसली की एक धरायचा.

पाळक वेंडेल स्ट्राउड आमच्याकडे अकरा वर्षांपूर्वी आला. चांगला माणूस. फक्त एका जागी उभा राहत नसे. प्रार्थनेतसुद्धा त्याचे बूट चालत असायचे. या वर्षी जानेवारीत तो तीन दिवसांच्या पाळक-शिबिराला जाऊन आला आणि दोन गोष्टी शिकून आला. एक, जे मोजलं जात नाही ते वाढत नाही. दोन, संदेश देताना नजर शेवटच्या रांगेवर ठेवावी, म्हणजे मागचे लोक झोपत नाहीत.

"ब्रदर ऑर्व्हल," तो मला म्हणाला, "आपण सरासरी एकशे बारा आहोत."

"एकशे अकरा. ब्रदर हॅस्केल वारले."

"आपण दोनशे व्हायचं. विवाहावर सहा रविवारांची मालिका घेतो. भक्कम घर. शेवटच्या रविवारी सगळी जोडपी उभी राहून लग्नाची वचनं पुन्हा देतील."

घरी मी ही बातमी अर्लीनला सांगितली. आमच्या लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली आहेत.

"एकदा दिलेली वचनं मी अजून निस्तरतेय," ती म्हणाली. "वरून आणखी कशाला?"

पण मालिका चालली. गावात एवढी लग्नं दुरुस्तीला आली आहेत याची कुणालाच कल्पना नव्हती. पहिल्या रविवारी एकशे एकतीस, मग एकशे अठ्ठेचाळीस. वेंडेल रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी नवरा-बायकोच्या मध्ये बसलेला असायचा. ऑफिसच्या भिंतीवर त्याने तक्ता लावला होता, त्यावर जुळलेल्या जोडप्यांसमोर हिरवी खूण. पाचव्या रविवारी एकशे सत्त्याऐंशी झाले. मला खुर्च्या मांडाव्या लागल्या. फळ्यावर आकडा सरकवताना, खोटं कशाला बोलू, मला वाटलं की यात माझाही हात आहे.

मी मागे येऊन बसलो, तेवढ्यात अर्लीन तिसऱ्या बाकावरून उठून माझ्याजवळ आली. चालू उपासनेत ती जागेवरून उठते म्हणजे आग तरी लागलेली असते किंवा माझं काहीतरी चुकलेलं असतं.

"नॅडीनला मोजलंस?" तिने हळूच विचारलं.

नॅडीन म्हणजे वेंडेलची बायको. दुसरा बाक, डावी कड, निळी भरतकामाची उशी, उशीवर शिवलेल्या पिशवीतलं बायबल.

"मोजलं की."

"उशी मोजलीस."

"नियम आहे."

"नियम मला माहीत आहे. मी त्या उशीच्या मागे बसते. पाच रविवार त्या उशीवर कुणी बसलेलं नाही."

"स्वयंपाकघरात असेल."

"मी बघून आले. बालवर्गातही बघितलं. आता तू ऊठ आणि बाहेर बघ. इतकी वर्षं लोकांना मोजतोस, एकदा शोधून बघ."

चर्चसमोरच्या हायवेच्या पलीकडे, धान्याच्या कोठाराशेजारी, नाणी टाकून कपडे धुण्याची लाँड्री आहे. रविवारी अकरा वाजता तिथे चिटपाखरू नसतं. गावातले धार्मिक लोक चर्चमध्ये असतात आणि उरलेले झोपलेले. तिथे नॅडीन एकटी बसली होती. समोर दोन ड्रायर फिरत होते आणि मांडीवर चर्चचा जेवणाच्या टेबलावरचा पांढरा कपडा होता.

"या, ब्रदर ऑर्व्हल," ती म्हणाली. "हे टोक धरा. चौदा फुटांचा आहे, एकटीने घडी होत नाही."

मी टोक धरलं.

"तुमच्या पाळकवाड्यातलं धुण्याचं मशीन बिघडलंय का?"

"उत्तम चालतंय. पण तिथे फोन वाजतो. कुणाची तरी बायको रडत असते आणि वेंडेल नुकताच बाहेर पडलेला असतो. मग ती मला सांगते, तुम्ही किती भाग्यवान." तिने घडी घातली. "मला तासभर कुणीही भाग्यवान म्हणू नये म्हणून मी उशी बाकावर ठेवते आणि इथे येते."

"त्याला माहीत आहे?"

"जेवताना विचारतो, संदेश कसा झाला. मी म्हणते, चांगला झाला. ऐकलेलाच नाही तर वाईट कसा म्हणू?"

"नॅडीन, तू त्याला सांगत का नाहीस?"

"तीनदा सांगितलं. म्हणाला, ईस्टरनंतर बोलू. कुठल्या वर्षीचा ईस्टर ते त्यानेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही." ती ड्रायरकडे बघत राहिली. "शेवटच्या रविवारपर्यंत थांबणार आहे. त्याचं त्याला कळलं की मी तिथे नाही, तर बसून बोलीन. नाही कळलं तर सोमवारी टल्साला बहिणीकडे जाते. परतीचं काही ठरवलेलं नाही. आणि तुम्ही त्याला सांगायचं नाही. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं कळणं झालं, त्याचं नाही. वचन द्या."

मी वचन दिलं. वचनांचाच हंगाम होता.

तो आठवडा मला सुखाचा गेला नाही. मी ताटातले वाटाणे मोजले. अंगणातल्या कुंपणाच्या पट्ट्या दोनदा मोजल्या, त्या दोन्ही वेळा वेगवेगळ्या आल्या. बुधवारी पोस्टात वेंडेल भेटला. तो तिकिटांच्या रांगेत पुढेमागे चालत होता, त्यामुळे मागच्या बाईला आपला नंबर आला की गेला ते कळत नव्हतं.

"दोनशे होतील ना, ब्रदर ऑर्व्हल?"

"नॅडीन कशी आहे?" मी विचारलं. हे सांगणं नव्हे, असा मी मनाशी निवाडा केला होता.

"मजेत. तुम्हाला काय वाटतं, आणखी तीस खुर्च्या लागतील?"

घरी येऊन मी अर्लीनला म्हणालो, "मी अडकलोय. बोललो तर वचन मोडतं, गप्प बसलो तर लग्न."

"तुला बोलायला कुणी सांगितलंय?" ती म्हणाली. "तू नीट मोज. एवढं जरी जन्मात एकदा केलंस तरी पुष्कळ."

शेवटच्या रविवारी लोक भिंतीला टेकून उभे होते. दुसरं गीत सुरू झालं. मी मोजलं. बाक, खुर्च्या, भिंत, गायक, तळघर, पाळक. दुसऱ्या बाकाशी आलो, उशी बघितली आणि पुढे गेलो. एकशे नव्याण्णव. पुन्हा मोजलं. एकशे नव्याण्णव. तिसऱ्यांदा मोजताना मी देवाकडे एखादा उशिरा येणारा माणूस मागितला. कुणी आलं नाही. आमच्याकडे नऊचा आकडा एकच आहे, म्हणून एक सहा उलटा करून लावला आणि जागेवर येऊन बसलो.

वेंडेलने फळा पाहिला. मग म्हणाला, "प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. दोन माणसांनी मिटले नाहीत आणि त्यांची नजरानजर झाली. देवाचे आभार मानता मानता त्याचं बोट रांगांवरून फिरत होतं.

"आमेन," तो म्हणाला. "ब्रदर ऑर्व्हल, माझे दोनशे होतात."

"माझे एकशे नव्याण्णव."

"एकदा परत मोजता का?"

"तीनदा मोजले, ब्रदर वेंडेल."

खरं तर इथे त्याने सोडून द्यायला हवं होतं. सेहेचाळीस जोडपी हातात हात घेऊन उभी होती, ऑर्गन वाजवणारी बाई बोटं उचलून तयार होती. पण त्याला राहवेना. तो पायऱ्या उतरला आणि शेवटच्या रांगेपासून प्रत्येक बाकाला हात लावत, मोठ्याने मोजत पुढे येऊ लागला. लोक ताठ बसले. दंतवैद्याकडे बसतात तसे. मधल्या जागेतून तो पुढे पुढे येत गेला, स्वतःला धरलं, गायकांना धरलं, तळघरातले सतरा धरले आणि सगळ्यात शेवटी डावीकडच्या दुसऱ्या बाकाशी आला.

"एकशे नव्याण्णव," तो म्हणाला, "आणि नॅडीन..."

त्याचा हात उशीवर होता.

"नॅडीन कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात असेल," कुणीतरी म्हणालं. स्वयंपाकघराच्या दारातून एक मान नकारार्थी हलली. तळघराच्या जिन्यावरूनही तसाच निरोप आला. वेंडेलने तिसऱ्या बाकाकडे पाहिलं.

"सिस्टर अर्लीन, आज ती आली नाही का?"

अर्लीनने कुणाला वचन दिलेलं नव्हतं. तरी ती एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगा. इथे बसलेली शेवटची कधी बघितलीत?"

तो विचार करू लागला. मी त्याला अकरा वर्षं ओळखतो, पण त्याचे बूट इतका वेळ एका जागी मी कधी पाहिले नव्हते. मग त्याने उशी काखेत घेतली आणि बाजूच्या दाराने बाहेर पडला.

त्याच्या कोटाला माइक लावलेला होता. तो बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही आणि ध्वनियंत्रणेवर बसलेल्या ब्रदर लोवेलला ती बंद करण्याचा धीर झाला नाही. त्यामुळे पुढचं सगळं आम्ही ऐकलं. खडीवरची पावलं. पाळकवाड्याचं जाळीचं दार. "नॅडीन." जिना. "नॅडीन?" कपाट उघडल्याचा आवाज. मग एका कपाटासमोर तो थांबला असावा, कारण हँगर एकमेकांना लागत राहिले. मग, "आहेत. कपडे आहेत." मागच्या बाकांवर कुणीतरी मोठा श्वास सोडला. पुन्हा जिना. मग अगदी हळू आवाजात, जणू तो स्वतःलाच विचारत होता, "धुण्याची टोपली कुठे आहे?"

जोडपी अजून हात धरून उभी होती. सोडा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अर्लीन मागे माझ्याजवळ कधी आली आणि तिने माझा हात कधी धरला मला कळलं नाही. तिची पकड अशी होती की मी पळून जाणार असल्याची तिला खबर लागली असावी.

पुन्हा खडी. मग डांबर. एक ट्रक गेला. मग नुसती खरखर आली आणि थांबली. माइकचा टप्पा हायवेच्या अलीकडेच संपतो, म्हणून लाँड्रीत काय बोलणं झालं ते आजही मला सांगता येणार नाही. उपासना कशी संपवायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी लोवेल म्हणाला की चर्चच्या जेवणाचं चिकन गार होतंय, आणि ते सगळ्यांना पटलं.

जेवण आवरल्यावर मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. लाँड्रीच्या काचेतून दिसत होतं. ती दोघं समोरासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. नॅडीन बोलत होती. टेबलाचा कपडा तिच्या मांडीवर तसाच होता. त्याचं टोक तिने त्याला दिलेलं नव्हतं. तो उशी धरून बसला होता आणि त्याचा उजवा पाय सारखा हलत होता. मधूनच तो हाताने दाबून धरायचा.

सोमवारी सकाळी त्यांची गाडी टल्साच्या रस्त्याला लागली. नॅडीन चालवत होती. शेजारच्या सीटवर वेंडेल होता. त्याला त्या सीटवर गावाने प्रथमच पाहिलं, आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाने पाहिलेलं होतं. डिकनांकडे एका ओळीची चिठ्ठी होती: किती दिवस, माहीत नाही.

पुढच्या रविवारी लोवेलने संदेश वाचून दाखवला. मी मोजलं. एकशे तीन. फळ्यावर सरकवलं आणि घरी आलो. अर्लीन बटाटे कुस्करत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"ब्रदर ऑर्व्हल," वेंडेल म्हणाला, "सगळं ठीक ना? सहज केला. आज किती..." मागून एक दार वाजलं. "नको. सांगू नका." आणि त्याने फोन ठेवला.

"कोण होतं?" अर्लीनने विचारलं.

"पाळक."

"नॅडीन बोलतेय त्याच्याशी?"

"ते कळलं नाही."

पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. मी उचलला.

"साधारण सांगा," तो कुजबुजला.

मी तोंड उघडणार तोच फोन कुणीतरी त्याच्या हातातून घेतला. "ब्रदर ऑर्व्हल," नॅडीनचा आवाज आला, "सांगितलंत का?"

"अजून नाही."

"नका सांगू. तो आणि मी फिरायला निघालोय. बूट घालून दारात उभा आहे बिचारा." "परत कधी, विचारू नका. मलाच माहीत नाही. पण त्या उलट्या सहाचं काय ते मला अर्लीनने लिहून कळवलं. आभारी आहे."

फोन ठेवला. अर्लीन माझ्याकडे न बघता बटाटे कुस्करत राहिली.

"तू तिला पत्र लिहिलंस?" मी म्हणालो.

"तू लोकांना मोज," ती म्हणाली. "ताटं मी मांडते."