चांदणं असताना दिवे बंद

नगरपालिकेनं वीज वाचवायची ठरवली आणि पहिली कुऱ्हाड पडली ती रस्त्यावरच्या दिव्यांवर. हुकूम निघाला, चांदणं असताना दिवे बंद; आणि खात्यानं त्याचा अर्थ लावला, पौर्णिमेच्या अलीकडचे चार-पाच दिवस आणि पलीकडचे चार-पाच दिवस दिवे लावायचेच नाहीत. चांदणं फुकट पडतंय, मग बिल कशाला भरायचं? सगळ्यांना पटलं. खोटं कशाला बोला, टाचणीलासुद्धा पटलं होतं.

टाचणी हे तिचं शिलाई कारखान्यातलं नाव. संध्याकाळच्या पाळीला ती काजं-बटणं करायची, ओठांत टाचण्या धरून बोलायची, आणि बोलायची तेही टोचेल असं.

पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झाले होते. पाळी सुटून बायका घरी निघाल्या आणि गोदामाच्या गल्लीत मशीनवर बसणाऱ्या काकू उघड्या गटारात पडल्या. काळोख असा, की काकूंचा आवाज येत होता पण काकू दिसत नव्हत्या. मनगट मोडलं.

"सोड ती नोकरी," घरी पोचताच नवरा म्हणाला. त्याच्या खांद्यावर सहा महिन्यांची ठमी पेंगत होती. "उद्या तू पडलीस तर?"

"दिवसाची पाळी घेतली तर हिला कोण बघेल? तू सकाळी कामावर, आईंच्या गुडघ्यांचं हे असं. आणि नोकरीच सोडली तर मी काय करू?"

"काकू चांदण्यात पडल्या म्हणे," सासूबाई आतून म्हणाल्या. "आमच्या वेळी चांदण्यात माणसं प्रेमात पडायची."

"चांदणं नव्हतंच, आई."

बोलून गेली आणि तिची तीच थबकली. मग चंद्र होता कुठे? ठमीला पाजायला ती खिडकीशी बसली. पोरगी पिऊन, ढेकर देऊन झोपत आली, तेव्हा कुठे गोदामाच्या पत्र्यावरून तो वर आला, गुबगुबीत, आळसावलेला.

"हे बघ साहेब," ती ठमीच्या कानात म्हणाली, "आत्ता येतायत कामावर."

मग ती नवऱ्याला म्हणाली, "पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांब. त्यानंतरही गल्ली अशीच काळी राहिली, तर तू म्हणशील तसं."

दुसऱ्या दिवसापासून कपाटाच्या दारावर आतून शिंप्याच्या खडूच्या खुणा उमटायला लागल्या. चंद्र कधी उगवला, कधी मावळला, केवढा होता. ठमीच्या झोपेला धरबंध नव्हता, त्यामुळे टाचणीच्या जागरणालाही नव्हता. एरवी रडू आलं असतं, आता ते कामाला आलं. चंद्र रोज उशीर करायचा. किती, तर ठमीला पाजून झोपवायला लागतो साधारण तेवढा. होता होता तो पहाटेवर गेला, कोर झाला, मग नाहीसाच झाला. पुन्हा दिसला तो संध्याकाळी, कारखान्याच्या दारातून, पश्चिमेला, कापलेल्या नखाएवढा, आणि ती पाळीवरून येण्याआधीच बुडाला. अर्धा झाला तेव्हा दिवेलागणीलाच डोक्यावर. पौर्णिमेला मात्र सूर्य तिकडे गेला आणि हा इकडून हजर.

मधल्या काही खुणा तिच्या नव्हत्या. खालच्या मजल्यावरचा पाववाला पहाटे भट्टी पेटवायला निघायचा. "पौर्णिमेच्या आधी मला कसलं चांदणं?" तो म्हणाला. "मी कडी काढतो तेव्हा तो मावळून गार झालेला असतो." त्याची तक्रारही कपाटावर चढली.

"नवऱ्यावर एवढी नजर ठेवली असतीस तर सुधारला असता," सासूबाई म्हणाल्या. पण ठमी रडली की आता त्याच आधी खिडकीतून डोकावून सांगायच्या, "आला गं तुझा."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी टाचणी नगरपालिकेत गेली. दिव्यांचं खातं बघणाऱ्या साहेबांनी ऐकून घेतलं, हसलेही.

"पौर्णिमेच्या आसपास चांदणं असतं हो, बाई. शेंबडं पोरही सांगेल."

"असतं. पण आमच्या पाळीनंतर येतं."

"आता चंद्राला वेळेवर यायला सांगू का मी?"

"चंद्र राहू द्या. दिवे तुमच्या हातात आहेत."

"हुकूम स्पष्ट आहे. चांदणं असताना दिवे बंद."

"एवढाच हुकूम आहे?"

"एवढाच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि उठली. ती इतक्या लवकर उठल्याचं साहेबांना जरा खटकलं.

दोन दिवसांनी पाळी सुटली तेव्हा गल्ली पुन्हा शाईसारखी होती. टाचणी कोपऱ्यावरच्या खांबाशी गेली. खांबावर दिव्यांच्या स्विचची पेटी होती, तिला नुसती तार गुंडाळलेली. हात प्लास्टरमध्ये घातलेल्या काकूही आल्या होत्या; त्यांनी चांगल्या हातानं मोबाइलचा उजेड धरला. टाचणीनं तार सोडवली आणि खटका वर केला. अख्खी गल्ली गटारासकट लख्ख झाली.

वायरमन सायकल हाणत आला. "कुणी लावले? बंद करा ते."

"मी लावले."

"माझी नोकरी घालवाल, ताई."

"माझी तर चाललीच आहे, दादा. हुकूम काय आहे, सांग."

"चांदणं असताना दिवे बंद."

"मग दाखव चांदणं."

वायरमननं वर पाहिलं. वर नुसत्या चांदण्या होत्या. तो पेटीकडे सरकला. टाचणी पेटीला पाठ लावून उभी राहिली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाळीतल्या बायका.

"चंद्र उगवला की मी स्वतः बंद करते. तोवर हात लावू देणार नाही. साहेबांना बोलव, हवं तर पोलिसांना बोलव. सगळ्यांनाच दाखवू."

त्यानं साहेबांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला, पण चंद्र उगवण्याआधी चांदणं कुठून दाखवायचं, ते साहेबांनाही सांगता येईना. मग वायरमननं फोन खिशात टाकला, सायकल स्टँडवर लावली आणि गोदामाच्या पायरीवर बसला. "कधी उगवतो म्हणालात?"

"बस. सांगते."

गर्दी बघून नवरा ठमीला घेऊन खाली आला. कपाळाला आठ्या होत्या. उजळलेल्या गल्लीतून चालत तो तिच्यापर्यंत पोचला, बायकांकडे बघितलं, वायरमनकडे बघितलं, आणि पोर तिच्या हातात दिली. ठमी भुकेजली होती. काकूंनी आडोसा केला. टाचणीनं तिथेच, पेटीला टेकून, तिला पाजलं.

पत्र्यावर उजेडाची कड आली. मग तो वर आला, पुरता. टाचणी थांबली, गटाराची कड दिव्यांशिवाय दिसेल एवढा चढू दिला, आणि मग खटका खाली केला. चांदणं होतं. हुकुमाप्रमाणे.

"उद्या पण?" वायरमननं विचारलं.

"उद्या आणखी उशिरा उगवतो. जेवून ये."

नवऱ्यानं झोपलेल्या ठमीला परत खांद्यावर घेतलं. "उद्या हिचं जाड पांघरूण आणतो," तो म्हणाला. "आणि बसायला खुर्ची."