नको म्हणजे काय

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही लहानपणापासून नकोबाई म्हणायचो. आणखी वाढू का विचारलं की ‘नको’ म्हणायची आणि ताट पुढे सरकवायची. आई म्हणायची, हिच्या नकोला काही अर्थच नाही.

त्या दुपारी तिचाच फोन आला. छातीत दुखतंय, शेजारणीने रुग्णवाहिका मागवलीय, पण गाडीचा पत्ता नाही. फोन कानाला धरूनच मी सुनेकडे पाहिलं. शहरभर रुग्णवाहिका पाठवणारी यंत्रणा तिचीच कंपनी सांभाळते. जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपपुढे ती घामाघूम होऊन बसली होती. सकाळी चालू केलेली मार्ग शोधायची नवी सोय गाड्या भलतीकडेच धाडत होती.

या सोयीला फीचर फ्लॅग ठेवू या, असं तिने बैठकीत परोपरीने सांगितलं होतं. चालत्या यंत्रणेत नुसता खटका दाबायचा, की सोय बंद. साहेब म्हणाले होते, एवढ्याशासाठी कशाला, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुरे, म्हणजे ठरलेल्या जागी लिहून ठेवलेली एक नोंद. पण ते यंत्रणा सुरू होतानाच एकदा वाचलं जातं. बदलायचं तर सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं, आणि तोवर कुणालाच गाडी नाही.

“मावशींनासुद्धा नाही,” सून म्हणाली.

“कर,” मी म्हटलं.

तिने त्या जागी ‘फॉल्स’ लिहिलं, म्हणजे नाही. यंत्रणा पडली, रखडत उठली. गाड्या तशाच भलतीकडे. मग तिने कपाळावर हात मारला. तिथलं काहीही यंत्रणेला नुसती अक्षरं म्हणून दिसतं. काहीतरी लिहिलंय ना, मग ते हो. ‘नाही’ लिहिलं तरी हो.

“आई, जागा कोरी सोडायला हवी होती. पुन्हा बंद करावं लागेल.” माझ्याकडे तिला बघवत नव्हतं.

“अगं, म्हणजे तुझी यंत्रणाही नकोबाईच की,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

तिने शब्द पुसला. यंत्रणा पुन्हा पडली. पलीकडे बहिणीला धाप लागली होती. बोलून तिला आणखी त्रास नको, म्हणून मी विचारलं, “ठेवू का फोन?”

“नको,” ती म्हणाली.

या वेळी तिला नकोच म्हणायचं होतं. मी फोन घट्ट धरून बसले, तिला जुनं काहीबाही सांगत राहिले. यंत्रणा उठली, गाड्या सरळ धावू लागल्या, तिच्या दारातही एक पोचली.

मला ते फोनवर शेजारणीने सांगितलं; बहिणीचा आवाज तोवर थांबला होता.