रुपालीचं शवासन

दिग्रसमध्ये योगवर्ग काढताना रुपालीनं दर महिन्याच्या फीचं टार्गेट ठरवलं होतं. ते काही केल्या गाठलं जाईना. शवासनात बाया निवांत पडत, ही मात्र डोळे मिटून हॉलच्या भाड्याची जुळवाजुळव करी.

आज वर्गाआधी विमलताईंनी वर्षाची फी एकदम तिच्या हातावर ठेवली. मागे आणखी चौघी पैसे घेऊन उभ्या होत्या.

"कापूस विकला, पोरी. आमच्या घरी दर महिन्याले पैसा येते का? तू कायले जीव जाळतं?"

रुपालीला स्वतःचाच राग आला. शेतकऱ्याची पोर असून तिनं गणित मांडलं ते पगारदारांचं! टार्गेट तिनं तिथंच महिन्याचं वर्षावर नेलं.

शवासन संपलं, बायांनी चटया गुंडाळल्या, तरी रुपाली आपली घोरतच होती.