बराकीमागची मूर्ती

पप्पा खडकीहून निघण्याआधी मी त्यांना बजावून सांगितलं होतं, लोणचं आणा, शेवया आणा, बाकी काही आणू नका, इथे सगळं मिळतं. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर ते बाहेर आले तेव्हा लोणचं नव्हतं, शेवया नव्हत्या. केबिन बॅग छातीशी धरलेली आणि तिच्यात पाच किलोंचा दगड.

"बुद्धाला काय सामानात टाकायचं?" ते म्हणाले. "मांडीवर घेऊन आलो."

सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस! माझं डोकंच फिरलं. टॅक्सी मरीन परेडला पोचेपर्यंत मी बडबडत होते आणि पप्पा खिडकीतून समुद्रात उभी असलेली जहाजं बघत होते. माझ्या बडबडीकडे दुर्लक्ष करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

ती मूर्ती म्हणजे आमच्या घराचा मान. वीतभर उंचीची, करड्या दगडाची, गुळगुळीत डोक्याची, मिटल्या डोळ्यांची. माझे आजोबा, म्हणजे आबा, महायुद्ध संपल्यावर जपानात होते. हरलेल्या जपानवर ताबा ठेवायला जे सैन्य गेलं, त्यात हिंदी पलटणीही होत्या. आबा ट्रकवर ड्रायव्हर. ओकायामा शहराजवळ जपानी सैन्याच्याच रिकाम्या बराकीत त्यांची तुकडी राहायची. बराकीचे दरवाजे इतके ठेंगणे, की आमच्या जवानांच्या कपाळाला कायम टेंगूळ, असं आबा सांगत. ते परतले सत्तेचाळीस साली, मूर्ती घेऊन.

"छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली," पप्पा सांगायचे, "तेव्हा सगळी वस्ती बुद्धाचा फोटो शोधत फिरत होती. आमच्याकडे बुद्ध आधीच येऊन बसले होते!"

पुढची गोष्टही ठरलेली. बराकीशेजारच्या देवळातला एक म्हातारा भिक्खू आबांवर खूश झाला आणि निरोप देताना त्याने ही मूर्ती त्यांच्या हातात ठेवली. मूर्तीच्या पाठीवर जपानी अक्षरं कोरलेली होती. ते 'बुद्धं सरणं'च आहे, असं पप्पा छातीठोकपणे सांगत. आणि मग माझा आवडता भाग. ज्या माणसाला गावात पाणवठ्याजवळ उभं राहू देत नव्हते, त्याला पाहून जपानी लोक रस्त्याच्या कडेला व्हायचे आणि कमरेत वाकायचे. लहानपणी हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. शाळेत कुणी टोचून बोललं, की मी मनात त्या वाकलेल्या माणसांची रांग उभी करायची.

आता खडकीच्या आमच्या विहारात ती मूर्ती बसवायची ठरली होती. चौथरा बांधून झाला होता, संगमरवरी पाटी कोरायला दिली होती. "सगळ्यांची व्हायच्या आधी एकदा माझ्या लेकीच्या नव्या घरात बसू दे," म्हणून पप्पा तिला घेऊन आले होते. मी रागावले होते खरी, पण बाबासाहेबांच्या फोटोशेजारी तिला ठेवताना माझेही डोळे भरून आले.

वेसाक डेच्या, म्हणजे इथल्या बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला मी जेवायला माणसं बोलावली. माझे यजमान उज्ज्वल मरीन इंजिनिअर, ते तेव्हा जहाजावर होते. सरला आणि प्रीतम हे आमचे जुने मित्र आले, आणि माझ्या लॅबमधली अकिको आली. अकिको ओसाकाची, अतिशय मितभाषी. खरं सांगायचं तर तिला मी मिरवायलाच बोलावलं होतं. पप्पांची गोष्ट आणि समोर जपानी श्रोता, असा योग पुन्हा कधी यायचा?

पप्पांना स्फुरण चढलं. ते मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत करून देत होते. बराक, ट्रक, भिक्खू. वाकणाऱ्या माणसांशी आल्यावर मी जरा अडखळले, पण पप्पा थांबून वाट बघत होते, म्हणून तेही सांगून टाकलं. अकिकोने मान हलवली. "हो, माझी आजी सांगायची. वाकावं लागे," ती म्हणाली.

"आजोबा, सो स्मॉल वन, लाइक बेबी लाह!" मूर्तीच्या गालाला हात लावत माझी तन्वी म्हणाली. पप्पा हसले.

अकिको हसली नाही. तिने विचारलं, मी मागची बाजू बघू का? तिने रुमालाने हात पुसले, दोन्ही हातांनी मूर्ती वळवली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय म्हणते? वाचता आलं का?" पप्पांनी विचारलं.

अकिको माझ्याकडे वळून अगदी हळू बोलली. "हा बुद्ध नाही, प्रिया. हा जिझो. आईबापांच्या आधी जी मुलं जातात, त्यांना सांभाळणारा. ती मुलं गेली की त्यांच्या नावाने असा एक ठेवतात. इथे लिहिलंय, चियोको, चार वर्षांची. एकोणीसशे पंचेचाळीसचा जून महिना. त्या महिन्यात ओकायामावर बाँब पडले होते."

"म्हणजे हे कुठून..."

"थडग्यावरून," ती म्हणाली. "भिक्खू असा जिझो कुणाला देणार नाही. ही चियोकोची जागा आहे."

प्रीतम आणि सरला बघत होते. पप्पा तर लग्नाच्या बैठकीत होकाराची वाट बघावी तसे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"ती म्हणते, फार मोलाची आहे," मी मराठीत म्हणाले. "फार जपून ठेवा, म्हणते."

अकिकोला मराठी येत नाही. पण मी काय केलं ते तिला कळलं. ती फक्त मूर्तीसमोर वाकली. बराच वेळ वाकून राहिली. पप्पांचा चेहरा असा फुलला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांच्या दृष्टीने आबांच्या गोष्टीतलं माणूस आमच्या दिवाणखान्यात येऊन पुन्हा एकदा वाकलं होतं.

"चला, आता वंदना घेऊ," ते म्हणाले.

आम्ही सगळे ओळीने बसलो. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. दुसरं शील आलं. जे दिलेलं नाही ते मी घेणार नाही. हे मी बोलायला लागल्यापासून म्हणत आले आहे, आणि आमच्या घरात ते याच मूर्तीपुढे म्हटलं गेलं आहे, सकाळ संध्याकाळ, तीन पिढ्या. माझे ओठ हलले, आवाज फुटला नाही. पप्पा मात्र खणखणीत म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी अकिकोची माफी मागितली. ती म्हणाली, माफी माझी कशाला मागतेस? कँटीनच्या टेबलावर मग तिने मला समजावून सांगितलं. जिझोच्या गळ्यात लाल कापड बांधतात, लाळेरं असतं ना तसं. मुलाची आई ते शिवते, मूल त्या तिथे गारठू नये म्हणून. जुनं झालं की नवं बांधते. "तुमच्या मूर्तीला कापड नाही, ते बघूनच मला कसंतरी झालं," ती म्हणाली. विहाराचं मी सांगितलं तेव्हाही तिने काही मागितलं नाही, एवढंच सांगितलं की चियोकोचं नाव कुणालाच वाचता येणार नाही अशा जागी तिला कायमचं बसवू नका.

पुढचे काही दिवस मी पप्पांना टाळलं. मी भांडकुदळ बाई, कुणालाही तोंडावर सुनावणारी. मला वाटायचं, खरं बोलायला मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. स्वतःच्या बापासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. सकाळी ते मूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसत आणि मी लॅबची घाई दाखवून निसटत असे. एकदा तर मनात आलं, जाऊ दे ना. न्या खडकीला, बसवा. तिथे कोण जपानी वाचणार आहे? हा विचार माझ्याच डोक्यात आला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पप्पांच्या परतीच्या आधीच्या रविवारी विहार समितीच्या निशिकांतचा व्हिडिओ कॉल आला. पाटी तयार झाली होती. पप्पांनी फोन माझ्यापुढे धरला. पांढऱ्या संगमरवरावर काळी अक्षरं: जपानच्या भिक्खूंनी सप्रेम दिलेली बुद्धमूर्ती. खाली आबांचं नाव.

"कशी झालीय?" पप्पा म्हणाले. "वाच ना मोठ्याने, तन्वीलाही ऐकू दे."

"नाही वाचत," मी म्हणाले. "पप्पा, फोन ठेवा."

फोन ठेवला आणि मी सगळं सांगितलं. जिझो, चियोको, चार वर्षं, थडगं. अकिको काय बोलली होती आणि मी त्यांना काय सांगितलं होतं, तेही. एकदा सुरुवात केल्यावर मी भराभर बोलत सुटले, मध्ये थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून.

पप्पा आधी तडकले. "त्या बाईला काय कळतं? हरलेल्या लोकांना राग असतोच! माझ्या बापाला चोर म्हणतेस? ज्या माणसाने आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही..."

"ती चोर म्हणाली नाही, मीही म्हणत नाही. ती एवढंच म्हणाली की गळ्यात लाल कापड हवं होतं."

"काय?"

"लाल कापड. पोराला थंडी वाजू नये म्हणून आई बांधते."

पप्पा उभे होते ते खुर्चीत बसले. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"होतं," ते म्हणाले. "लाल कापड होतं. विरलेलं, लहानशा बोटभर नाड्यांचं. आबा कुणाला हात लावू देत नसत त्याला. दीक्षेनंतर वस्तीतले लोक म्हणायला लागले, बुद्धाला कसलं लाल कापड, ते म्हसोबाचं झालं, सोडा आता जुने देव. मी लहान होतो. मला वाटलं, आपण चांगलं काम करतोय. आबा घरात नसताना मी ते सोडलं आणि चुलीत घातलं."

"मग?"

"आबांनी मला मारलं. जन्मात एकदाच मारलं, पण असं मारलं की आई मध्ये पडली. नंतर स्वतःच रडत बसले. मला कधी कळलं नाही, एवढ्याशा चिंधीसाठी माणूस लेकराला का मारतो." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "आणि वंदनेला आबा कधी तिच्यापुढे बसले नाहीत. दारात उभे राहायचे. आम्ही म्हणायचो, फौजी माणूस आहे, सवय नाही."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण पप्पा आता थांबणार नव्हते.

"त्यांनी भिक्खूचं नाव कधी घेतलं नाही, प्रिया. मी विचारलं तेव्हा म्हणाले, बराकीमागे टेकडी होती, तिथे अशा पुष्कळ होत्या, जाताना सगळेच काही ना काही घेत होते, मी ही घेतली. बस्स. तो भिक्खू मी घातला. आधी शाळेत सांगताना घातला, मग सांगून सांगून मलाच खरा वाटायला लागला."

आता माझा राग कुणावर काढू? आबांना तिथे लोक वाट सोडत होते, कारण त्यांच्या खांद्यावर बंदूक होती. ज्यांना जन्मभर कुणी वाट दिली नाही, त्यांना ती मिळाली, आणि ते त्या वाटेने टेकडीवर जाऊन एका मेलेल्या पोरीची खूण उचलून घेऊन आले. आणि मी त्या वाकलेल्या माणसांची रांग मनात धरून मोठी झाले. त्या रांगेत चियोकोची आईही असेल, हे मला कधी सुचलंच नाही. लाज वाटली, फार लाज वाटली.

पप्पांनी फोन उचलला. मला वाटलं, अकिकोला लावायला सांगतील. त्यांनी निशिकांतला लावला, आणि मुद्दाम स्पीकर सुरू केला.

"निशिकांत, जय भीम. ती मूर्ती विहारात बसवायची नाही."

"काय झालं काका? पाटीत काही चुकलं का?"

"सगळंच चुकलं. ती बुद्धाची मूर्ती नाही. एका लहान मुलीच्या थडग्यावरची आहे. माझ्या वडिलांनी ती जपानात न विचारता उचलली. भिक्खूची गोष्ट खोटी आहे, ती मी रचली."

निशिकांत अजिजीने म्हणाला, "काका, हे तुम्ही मला सांगितलंत, इथंच राहू द्या. आबांचं नाव आहे वस्तीत. लोक काय म्हणतील?"

"ते मला माझ्या तोंडावर म्हणू देत. मी आलो की विहारात उभा राहून सांगणार आहे. पंचशील घ्यायच्या आधी सांगणार आहे. तोवर पाटी फोडू नकोस, लोकांना ती बघू दे."

त्यांनी फोन ठेवला. मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांना हे सोसणार नाही असं धरून मी लपवत राहिले होते.

मूर्ती परत कशी करता येईल, हे अकिकोला मी त्याच दुपारी फोनवर विचारलं. ओकायामाकडे टेकडीवरची देवळं अजून आहेत, ती चौकशी करेल, पण चियोकोचं कुणी उरलं असेलच असं नाही, असं तिने सांगितलं. मूर्ती तोवर इथेच राहणार होती. पप्पांनी ती बाबासाहेबांच्या फोटोजवळून काढली आणि खिडकीपाशी, उजेडात ठेवली.

"लाल कापड आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

तन्वी तिच्या जुन्या कपड्यांच्या पिशवीतून एक टी-शर्ट घेऊन आली. इथे नॅशनल डेला सगळी मुलं लाल घालतात. तो तिच्या बालवाडीतला होता, चार वर्षांची असतानाचा. पप्पांनी कात्री मागितली. मी शिवून देते म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. चष्मा नाकावर ओढून त्यांनी स्वतः कापड कापलं, दोन नाड्या काढल्या आणि मूर्तीच्या गळ्यात बांधलं. हात मात्र जोडले नाहीत. मला वाटलं गाठ सुटेल, म्हणून मी ती घट्ट करायला पुढे झाले.

"राहू दे," पप्पा म्हणाले. "काचेल तिला."